आभासी चलनाच्या भावासोबत त्याचा हिशेबही छापावा

महोदय,

डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइन या आभासी चलनाच्या भावाने पहिल्यांदा एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला, तेव्हा ती बातमी मराठी वृत्तपत्रांनीही ठळकपणे दिली आणि तेव्हापासून अर्थविषयक पानांवर या चलनाच्या चढउताराला नियमित जागा मिळू लागली आहे. वाचकांना त्यात रस आहे, हे मी मान्य करतो. मात्र कराडमध्ये प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देण्याचे काम करत असल्याने दर जुलै महिन्यात माझ्यासमोर जे तरुण येतात, त्यांना भाव तोंडपाठ असतो आणि आपल्या व्यवहारावर किती कर लागला, आपली नाणी नक्की कोणाच्या ताब्यात आहेत, ती बुडाली तर दाद कोठे मागायची, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसते. या प्रश्नांची उत्तरे खरेदीपूर्वी कळली असती, तर त्यांच्यातील अनेकांनी वेगळा निर्णय घेतला असता, असे माझे ठाम मत आहे. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

प्रथम कराविषयी. १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या (बिटकॉइनसारख्या चलनांना कायद्याने दिलेले नाव) विक्रीतून झालेल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे. इतके बहुतेकांनी ऐकलेले असते. त्या तरतुदीचा पुढचा भाग मात्र फारसे कोणी वाचत नाही आणि नवख्या माणसाला फटका बसतो तो तेथेच. एका आभासी मालमत्तेतील तोटा दुसऱ्या आभासी मालमत्तेतील नफ्यातून वजा करता येत नाही, पगार किंवा व्यवसायाच्या उत्पन्नातूनही वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षात नेताही येत नाही.

समजा, एका मुलाने एक लाख रुपयांचे बिटकॉइन आणि एक लाख रुपयांचे इथर हे दुसरे आभासी चलन घेतले. वर्षभरात बिटकॉइन दीड लाखाला विकले आणि इथर पन्नास हजारांना विकावे लागले. दोन लाख गेले, दोन लाख आले, म्हणजे हाती काहीच उरले नाही, असे तो धरून चालतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्याला बिटकॉइनमध्ये पन्नास हजारांचा नफा झालेला असतो, त्यावर उपकरासह १५,६०० रुपये कर देय होतो आणि इथरमधील पन्नास हजारांचा तोटा हिशेबात धरलाच जात नाही. एक पैसाही न कमावता त्याच्या खिशातून साडेपंधरा हजारांहून अधिक रक्कम जाते. हे गणित समोर बसलेल्या मुलाला कागदावर मांडून दाखवले, की आधी त्याला माझीच चूक झाली आहे असे वाटते.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा नियम आणखी कठोर ठरतो. ज्याला दुसरे काहीही उत्पन्न नाही, त्याला एरवी करमुक्त मर्यादेचा लाभ मिळतो, पण या नफ्याला ती मर्यादा लागू नाही, त्यामुळे महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने पाच हजार रुपये कमावले तरी त्यावर पहिल्या रुपयापासून तोच दर आहे. नफा मोजताना केवळ खरेदीची किंमत वजा होते, एक्स्चेंजने (ही खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीने) आकारलेले शुल्क आणि त्या शुल्कावरील १८ टक्के जीएसटी वजा होत नाही. एक नाणे देऊन त्याच्या बदल्यात दुसरे घेतले, तरी तीही विक्रीच धरली जाते आणि बँकेत एक रुपया न येताही कर देय होतो. नोकरदार मंडळी वर्षानुवर्षे भरत आलेला ‘सहज’ हा अर्ज अशा वर्षी चालत नाही, तर या मालमत्तेसाठी स्वतंत्र परिशिष्ट असलेला दुसरा अर्ज भरावा लागतो. ‘थोडेच तर आहे, दाखवले नाही तर काय होणार’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की टीडीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच कापून सरकारकडे भरला गेलेला कर, त्यांच्या पॅन क्रमांकावर खात्याला आधीच दिसत असतो.

या टीडीएसविषयी वेगळे सांगायला हवे, कारण दररोज खरेदी-विक्री करून कमाई करू पाहणाऱ्यांचे गणित तोच बिघडवतो. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या संपूर्ण रकमेवर एक टक्का टीडीएस कापला जातो. तो नफ्यावर नसून विक्रीवर असल्यामुळे तोटा झाला तरी कापला जातो. एक लाख रुपये घेऊन बसलेल्या माणसाने भाव जागेवरच असताना पन्नास वेळा घेतले आणि पन्नास वेळा विकले, तर शुल्क बाजूला ठेवूनही त्याच्या हातात खेळते भांडवल सुमारे साठ हजार पाचशेच उरते. उरलेली रक्कम विवरणपत्र भरल्यावर करापोटी वळती होते किंवा परत मिळते हे खरे, पण तोवर ती अडकून पडते. दिवसाला अर्धा टक्का मिळवून देणारी युक्ती शिकवणाऱ्या चित्रफिती पाहून या क्षेत्रात उतरणाऱ्यांना ही वजाबाकी कोणीही सांगत नाही. माझ्या मते सध्याच्या नियमांत नवख्याने वारंवार खरेदी-विक्री करणे हा सरळसरळ आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

यात सरकारचा दोष नाही का, असे विचारणाऱ्यांशी मी सहमत आहे. शेअर बाजारात त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकण्याचा व्यवहार कायद्याने सट्टा मानला जातो. त्या सट्ट्यातला तोटाही सट्ट्यातल्या नफ्यातून वजा होतो आणि पुढे चार वर्षे नेता येतो. सट्टेबाजाला जी सवलत आहे, ती आभासी चलन घेणाऱ्याला का नसावी, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही. दर ३० टक्केच ठेवायचा असेल तर ठेवावा, पण नफ्यात वाटा घेणाऱ्याने तोटा अस्तित्वातच नसल्यासारखे वागणे हा अन्याय आहे.

टीडीएसचा जाच चुकवण्यासाठी आता अनेक जण फ्युचर्सकडे, म्हणजे प्रत्यक्ष नाणे न घेता त्याच्या पुढच्या भावावर केलेल्या सौद्यांकडे, वळत आहेत आणि तेथे एक टक्का कापला जात नाही, हेच त्याचे आकर्षण म्हणून जाहिरातींत मांडले जाते. हे कमालीचे धोकादायक आहे. आपल्या पैशाच्या दहापट रकमेचा, उसनवारीवर घेतलेला सौदा भाव दहा टक्क्यांनी उलटला की मुळासकट संपतो आणि या बाजारात दहा टक्के ही एका रात्रीची हालचाल असू शकते. १० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेने चीनवर नवे आयातशुल्क जाहीर केल्यानंतर चोवीस तासांत जगभरातील उसनवारीचे १,९०० कोटी डॉलरहून अधिक मूल्याचे सौदे आपोआप बंद केले गेले. शेअर बाजारातील फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला, हे आपल्याला ठाऊक आहे, कारण शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने त्याचा अभ्यास करून तो सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. आभासी चलनाच्या क्षेत्रात असा नियामकच नाही, त्यामुळे किती जण बुडाले हे मोजणारेही कोणी नाही.

नियामक नसणे म्हणजे काय, हे १८ जुलै २०२४ रोजी हजारो कुटुंबांना कळले. त्या दिवशी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून (नाणी ठेवण्याच्या डिजिटल पाकिटातून) सुमारे २३ कोटी डॉलर मूल्याची नाणी चोरीला गेली. पुढे अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्तपणे या चोरीचा ठपका उत्तर कोरियाच्या हॅकरांवर ठेवला. ज्यांची नाणी तेथे होती, त्यांना ती काढता येईनात. देणी फेडण्याच्या योजनेचे प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात चालले आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. आपल्याकडे बँक बुडाली तर पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे आणि शेअर दलाल बुडाला तरी शेअर डीमॅट खात्यात आपल्या नावावर असतात. एक्स्चेंजच्या ॲपवर दिसणारी नाणी मात्र त्या एक्स्चेंजच्या वॉलेटमध्ये असतात, त्यांच्या चाव्या, म्हणजे ती वापरण्यासाठी लागणारे गुप्त संकेत, त्याच्याच हाती असतात आणि पडद्यावर आपल्याला दिसतो तो केवळ आपल्या नावे मांडलेला आकडा.

‘सर्वोच्च न्यायालयाने क्रिप्टोला (म्हणजे आभासी चलनाला) मान्यता दिली आहे’ हे वाक्य मी सतत ऐकतो. ४ मार्च २०२० च्या निकालाने रिझर्व्ह बँकेचे ६ एप्रिल २०१८ चे परिपत्रक रद्द झाले, म्हणजे बँकांना अशा एक्स्चेंजना सेवा देण्यास घातलेली बंदी उठली, एवढाच त्याचा अर्थ आहे. कर लावला म्हणून ते वैध ठरत नाही, असे अर्थमंत्र्यांनीही फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्यसभेत स्पष्ट केले होते. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आभासी चलन ही मालमत्ता असल्याचे मान्य केले. हा निकाल ग्राहकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, परंतु तोही एका महिलेला न्यायालयाची पायरी चढल्यानंतर मिळालेला आहे. एक्स्चेंजना मार्च २०२३ पासून आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याखाली वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. ज्याला व्यवहार करायचाच आहे, त्याने अशी नोंदणी असलेल्याच ठिकाणी करावा. मात्र ही नोंदणी काळा पैसा रोखण्यासाठी आहे. ग्राहकाचे पैसे सुरक्षित असल्याची ती हमी नव्हे.

फसवणुकीबद्दल महाराष्ट्राला तरी नव्याने सांगण्याची गरज पडू नये. गेनबिटकॉइन या योजनेत दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखवून लोकांकडून बिटकॉइन घेतले गेले. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटका केल्या, पुढे तपास सीबीआयकडे गेला आणि सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्यानुसार गोळा झालेल्या बिटकॉइनचे मूल्य २०१७ मध्येच ६,६०० कोटी रुपये होते. आज तीच गोष्ट व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या गटांतून चालते. बनावट ॲपवर नफा वाढत जाताना दिसतो आणि पैसे काढायला गेले, की ‘आधी कर भरा’ असा निरोप येतो. मी करसल्लागार म्हणून सांगतो, की आपल्याकडे हा कर विक्रीच्या रकमेतून कापला जातो किंवा आपण स्वतः प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावरून भरतो. पैसे काढू देण्यासाठी कोणाच्या खात्यात कर जमा करा, असे कोणी सांगत असेल, तर तेथे आणखी एक रुपयाही न पाठवता ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या क्रमांकावर तक्रार करावी. तसेच, स्वस्तात मिळतात म्हणून अनोळखी माणसाशी परस्पर टेथर या डॉलरशी भाव बांधलेल्या आभासी चलनाची देवघेव करणाऱ्यांच्या खात्यात कधी कधी सायबर गुन्ह्यातील पैसा येतो, बँक ते खाते गोठवते आणि पगाराचे तेच खाते असेल तर घरखर्चच थांबतो.

एवढे सांगूनही ज्यांना या चलनाविषयी खरे कुतूहल आहे, त्यांना मी परावृत्त करू इच्छित नाही. अख्खे बिटकॉइन घ्यावे लागते हा समज चुकीचा आहे. त्याचे दहा कोटी भाग होतात आणि काहीशे रुपयांतही सुरुवात करता येते. तेवढ्याच रकमेत खरेदी, विक्री आणि टीडीएसचा दाखला असा एक पूर्ण फेरा अनुभवावा. स्वतःचे वॉलेट ठेवणार असाल, तर ते पुन्हा उघडण्यासाठी मिळणारे बारा किंवा चोवीस गुप्त शब्द कागदावर लिहून घरात सुरक्षित ठेवावेत, त्यांचे छायाचित्र मोबाइलमध्ये काढू नये आणि ते कोणालाही सांगू नयेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९,००० डॉलरच्या आसपास असलेला बिटकॉइन वर्षभरात १६,००० च्याही खाली आला होता, याची आठवण ठेवून कर्जाचा किंवा मुलांच्या शिक्षणासाठी साठवलेला पैसा यात घालू नये.

आपणांस माझी विनंती आहे, की ज्या दिवशी आपण या चलनाच्या उच्चांकाची बातमी छापाल, त्या दिवशी तिच्याखाली एक छोटी चौकट द्यावी. त्यात कराचा दर, तोटा वजा होत नाही हा नियम, टीडीएस आणि तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक एवढे चारच मुद्दे सोप्या मराठीत असावेत. याच विषयाशी संबंधित आणखी एक मागणी आपण आपल्या अग्रलेखातून आणि राज्यातील खासदारांमार्फत अर्थमंत्र्यांपर्यंत पोचवावी. येत्या अर्थसंकल्पात आभासी मालमत्तेतील तोटा निदान अशाच मालमत्तेतील नफ्यातून वजा करू द्यावा आणि ग्राहकांची नाणी एक्स्चेंजच्या स्वतःच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवण्याचे बंधन घालणारा, तक्रारी ऐकून घेणारा नियामक नेमावा. कर वसूल करण्याची व्यवस्था २०२२ मध्ये काही महिन्यांत उभी राहिली. करदात्याच्या संरक्षणाची व्यवस्था उभी करायलाही त्याहून अधिक वेळ लागण्याचे कारण नाही.

आपला नम्र,
एक करसल्लागार, कराड