क्वायर सोडण्याआधी

भुसावळ,
मंगळवार

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम आणि अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, “पप्पा, क्वायरमध्ये आता नाही जाणार. चर्चचंही बघू.” मम्मीने फोन काढून घेतला म्हणून माझं बोलणं राहिलं. नाताळची गाणी तू बसवलीस, आल्टोच्या, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या मुलींना स्वर देता देता घसा बसवून घेतलास, आणि कार्यक्रमाच्या पत्रिकेत संगीत संयोजन म्हणून नाव आलं दुसरीचं. राग येणारच. क्वायरचं मी समजू शकतो. ते “बघू” मात्र डोक्यातून जात नाही. आत्याचं कसं सुरू झालं ते तुला ठाऊक आहे, परत लिहीत नाही.

आधी एक सांगतो. आपलं नाव यावं असं वाटणं हे पाप नाही. बायबलातल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय काढ. प्रेषित पौल एकामागून एक नावं घेतो: किंख्रियाची फिबी, प्रिस्क आणि अक्विला, पुष्कळ श्रम केलेली पर्सिस. पत्र उतरवून घेणारा तर्तियससुद्धा बाविसाव्या वचनात मध्येच आपला सलाम सांगून घेतो. कष्ट करणाऱ्याचं नाव घेणं मंडळीकडे लागतं, आणि तुझ्या बाबतीत तिथे चूक झाली, हे मी पाळकसाहेबांसमोरही म्हणेन. पण नाव नाही म्हणून फिबीने पत्र रोमला पोचवायचंच सोडलं असतं तर?

प्रभूने डोंगरावरच्या एकाच प्रवचनात दोन्ही सांगितलं आहे. मत्तयच्या पाचव्या अध्यायात, लोकांनी तुमची सत्कर्मं पाहावीत. सहाव्यात, लोकांनी पाहावं म्हणून करू नका. नवख्याला हे उलटसुलट वाटतं. पाचव्यातलं वचन पूर्ण वाच: पाहणाऱ्यांनी स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं असं आहे. तेव्हा काम झाकायचं नाही. कौतुक शेवटी कुणाच्या दारात जाऊन थांबतं तेवढं बघायचं.

आपल्याकडच्या कापणीच्या सणाचा लिलाव आठव. दादर ज्वारी, तूर, भरताची वांगी वेदीपुढे मांडलेली, आणि मध्ये तो केळीचा घड. प्रार्थना होईपर्यंत ते सगळं देवाचं अर्पण. उपासना संपून बोली लागली की घड बाजूला राहतो आणि दोन घराण्यांची जुंपते. बाजारात मिळेल त्याच्या कितीतरी पट भाव चढतो, टाळ्या पडतात, नाव माइकवर घेतलं जातं. मग खजिनदाराच्या वहीत ती रक्कम ईस्टरपर्यंत येणे बाकी. कारण बोली टाळ्यांसाठी होती, आणि टाळ्या तर त्याच दिवशी मिळून गेल्या. रोख आधी, वस्तू मागून, आणि फलकावर नावांशिवाय फक्त एकूण जमा, एवढं केलं तरी अर्धी चुरस उतरते. पावती मात्र नावानेच फाडायची, तो हिशेब आहे. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, या वचनाचा आधार घेऊन कुणी पावतीच नको म्हणत असेल तर खजिनदाराने ऐकू नये.

आणि नाव लपवलं म्हणजे माणूस नम्र झाला असंही नाही. पाचव्या शतकात योहान कासियान नावाच्या मठवासीयाने जुन्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं लिहून ठेवलंय, की पोकळ मोठेपणाची हाव कांद्यासारखी असते, एक पापुद्रा काढला की खाली दुसरा. भारी कपड्याचा मोठेपणा सोडला तर साध्या कपड्याचा चढतो. लूकच्या चौदाव्या अध्यायातलं, मेजवानीतलं शेवटचं आसन धरायचं आणि यजमान “वर या” म्हणायला येतोय का म्हणून मान वळवून बघत राहायचं, हा त्यातलाच पापुद्रा. क्वायर सोडून “बघू यांचं कसं चालतं” म्हणणं हाही त्यातलाच.

लागलं असेल तर माफ कर. प्रवचन द्यायला बसलो नव्हतो. तू सहा वर्षांची असताना संडे स्कूलच्या नाटकात तुला मेंढरू केलं होतं, एकही वाक्य नव्हतं, तरी तू अशी बें बें केलीस की गब्रिएलाला आपलं बोलणं थांबवावं लागलं. आजी हसून हसून रडली होती. आवाज तुझा तेव्हापासून मोठा, आणि देवाने दिलेला आहे. म्हणूनच जीव घाबरतो.

पंडिता रमाबाईंचं बघ. 1878 मध्ये, विशीत, कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ पदवी दिली. इतका मान लवकर मिळाला की पुढे कुणी विचारलं नसतं तरी चाललं असतं. पण हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या केडगावला बायबलच्या भाषांतराला बसल्या, त्यांच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यात मुलींनी छपाईचे खिळे जुळवले. 1922 मध्ये त्या गेल्या, अख्खं बायबल छापून आलं 1924 मध्ये. आज आपल्या घरात वाचतो ते बायबल सोसायटीचं, त्यांचं नव्हे.

आता करायचं काय. मत्तय अठराचा क्रम धर: आधी एकट्याने जायचं, नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन, मंडळीपुढे सगळ्यात शेवटी. हल्ली लोक ग्रुपवर टाकून सुरुवात करतात, म्हणजे शेवटची पायरी पहिली, मग एकट्याने बोलायला कुणी उरतच नाही. तू ग्रुपवर काही टाकलं नसशील अशी आशा आहे. क्वायरमास्तरांना रविवारी उपासनेनंतर गाठू नकोस, तेव्हा त्यांच्याभोवती दहा जण असतात. मधल्या वारी भेट. सरळ सांग: गाणी मी बसवली होती, नाव आलं नाही, मला वाईट वाटलं. किती तास दिले, रिक्षाला किती गेले, ते काढू नकोस. हिशेब सुरू झाला की समोरचा आपला हिशेब काढतो. त्या मुलीने नाव मागून घेतलं की छापणाऱ्याने घातलं, हे तुला माहीत नाही, तेव्हा तिचा विषय आणू नकोस. तिच्यासाठी रोज प्रार्थना कर, नाव घेऊन. पहिले काही दिवस दात खाऊनच होईल, होऊ दे.

पुढे कुणी कौतुक केलं तर “थँक्यू” म्हण आणि थांब. “छे हो, मी कुठे काय केलं” म्हटलं की समोरच्याला तेच कौतुक पुन्हा करावं लागतं.

आणि रविवारी जा. मागच्या बाकावर बस, गाऊ नकोस हवं तर, पण जा. हे मी फोनवर पुन्हा विचारणार नाही, मम्मी विचारेल.

दादरचं पीठ आणि उडदाचे पापड पाठवलेत. पीठ आधी संपव, शिळं झालं की भाकरी थापताना चिरते.

तुझे,
पप्पा

ता. क. क्वायरमास्तरांना भेटायला जाताना ती पत्रिका बरोबर नेऊ नकोस.