ते चाक, चरखा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला ब्रिटनमधल्या चर्चच्या रंगीत काचांवरचा लेख वाचला. छपाई झकास, त्याबद्दल अभिनंदन. पण संत कॅथरिनच्या फोटोखाली ‘चरखा घेतलेली संत स्त्री’ असे वाचले आणि चहा घशाखाली उतरेना.

अहो, ते चाक सूत कातायचे नाही, हाडे मोडायचे! अलेक्झांड्रियाच्या या मुलीने रोमन सम्राटाच्या पंडितांना वादात हरवले, म्हणून तिला खिळ्यांच्या चाकावर मारायचे ठरले. तिचा हात लागताच चाकच मोडले, मग तलवारीने शिरच्छेद केला, अशी कथा आहे. म्हणून तिच्याजवळ चाक आणि जोडीला तलवार. तुमच्या फोटोत तलवारही लख्ख दिसते आहे. तिचे काय, टकळी?

आमच्या वसईत मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लांबली की आई संतांच्या मूर्ती दाखवून आम्हाला गप्प बसवायची. किल्ल्या दिसल्या की पेत्र. लोखंडी जाळी दिसली की लॉरेन्स, कारण त्याला तिच्यावर भाजले. दत्ताच्या पायाशी चार कुत्री पाहून ‘श्वानप्रेमी साधू’ असा मजकूर तुम्ही टाकाल का?

मुलीकडे इंग्लंडात लीड्सला असताना यॉर्क मिन्स्टर हे यॉर्कचे मोठे चर्च पाहिले. तिथली पूर्वेची मोठी खिडकी जवळजवळ टेनिस कोर्टाएवढी आहे. कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटनने ती १४०५ ते १४०८ या काळात केली. मान मोडेस्तोवर वर पाहिले तरी वरच्या तावदानांतले चेहरे कळत नाहीत. दुसऱ्या एका खिडकीवर जावयाची दुर्बीण लावली तेव्हा दिसले की एकाच्या गालावरून शिशाची पट्टी गेली आहे. तडकलेली काच कधीतरी कुणी सांधली असणार. इतक्या खालून ओळख पटायची तर हातातल्या वस्तूवरूनच. तीच तुम्ही चुकवलीत.

सतराव्या शतकातल्या यादवीत राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलच्या माणसांनी जुन्या काचा झाडून साऱ्या फोडल्या, हेही लेखकाने ठोकून दिले आहे. कँटरबरीला १६४३ मध्ये रिचर्ड कल्मर हा पाद्री स्वतः शिडीवर चढून काचा फोडत होता, हे खरे. पण १६४४ मध्ये यॉर्क पार्लमेंटच्या, म्हणजे क्रॉमवेलच्याच बाजूच्या, फौजेला शरण आले तेव्हा चर्चना धक्का लावायचा नाही हे अटींतच होते, आणि त्या फौजेचे सेनानी फेअरफॅक्स पितापुत्र त्याच मुलखातले असल्याने ते पाळले गेले. ग्लॉस्टरशायरमधल्या फेअरफर्डच्या चर्चमध्ये तर सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या २८ खिडक्यांचा संच अजून जागेवर आहे. लेखकमहाशय तिकडे फिरकलेले दिसत नाहीत.

मागे नाताळच्या अंकात संत निकोलसच्या पायाशी पिंपात उभी असलेली तीन मुले तुम्ही ‘स्नान करणारी बालके’ ठरवली होती. खाटकाने कापून खारवलेली आणि संताने जिवंत केलेली मुले ती! तेव्हा मी सविस्तर पत्र धाडले. ते छापले नाहीत. छापलेत ते माझे खड्ड्यांवरचे पत्र, तेही आडनावाची वाट लावून.

यावेळी दुरुस्ती पुरवणीतच यावी, आठव्या पानावर निविदांच्या खाली नको. आणि शब्दकोड्याची उत्तरे त्याच पानावर उलटी छापणे बंद करा. नातू कोडे सोडवण्याआधी पेपर फिरवतो.

आपला,
एक जुना वर्गणीदार, वसई