पळाला की फाऊल! अशी लीग कोल्हापुरात पण होऊ दे

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात माजी खेळाडूंच्या प्रदर्शनी मॅचचा फोटो मोबाईलवर बघितला, बरं वाटलं, पण पोटात गोळापण आला. कारण अशाच एका मॅचला दोन वर्षांमागं मी स्वतः पोटरी धरून बाहेर आलोय. डोक्यात वय पंचवीस आणि पोटरीत एकसष्ट, बॉल पुढं गेला की पाय आपोआप सुटतात आणि मग महिनाभर गरम पाण्याची पिशवी आणि घरच्यांची बोलणी. तेव्हा जे बूट माळ्यावर गेले ते गेलेच.

सध्या मी मुलीकडं आलोय, बोल्टनला, म्हणजे मँचेस्टरच्या शेजारी. जावई म्हणाला, पप्पा, इथं वॉकिंग फुटबॉल असतंय, चला. मला वाटलं रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांचा असतो तसला ग्रुप असणार, मधनंच कुणीतरी बॉलला पाय लावणार आणि शेवटी सगळे टाळ्या वाजवून हसणार. गेलो तर बघतोय काय, छोटा टर्फ, एका बाजूला सहा जण, रंगीत बिब, गळ्यात शिट्टी अडकवलेला रेफ्री आणि खेळणारे सगळे माझ्या वयाचे, दोघं-तिघं तर पंच्याहत्तरीचे. एकानं कानातलं मशीन काढून नीट रुमालात गुंडाळलं, रुमाल बुटात घातला आणि गोलमध्ये जाऊन उभा राहिला. म्हणजे आता रेफ्रीची शिट्टी याला ऐकू येणार नाही, सोयीचंच की!

नियम ऐकायला सोपा आहे. पळायचं नाही, एक पाय कायम जमिनीला टेकलेला पाहिजे, बॉल जवळ असो नाहीतर नसो. पळाला की फाऊल, फ्री किक समोरच्याला. अंगावर जायचं नाही, घसरून टॅकल तर अजिबात नाही, आणि बॉल डोक्याच्या वर उडवायचा नाही. मी पहिल्या दहा मिनिटांत तीन वेळा पकडला गेलो आणि दोन मिनिटं बाहेर बसलो, जावई मोबाईलवर शूटिंग करत होता ते वेगळंच. पण बाहेर बसल्यावर डोळे उघडले. पळता येत नाही म्हटल्यावर पास चुकला की संपलं, मागं धावून चूक झाकताच येत नाही. त्यामुळं बॉल यायच्या आधीच मोकळी जागा हुडकून उभं राहावं लागतंय. आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमचे जुने वस्ताद लाइनवरनं ओरडायचे, "बॉलमागं पळू नको, बॉलला पळव", ते मला चाळीस वर्षांनी इथं बोल्टनमध्ये कळलं.

हा प्रकार काय फार जुना नाही. २०११ साली इंग्लंडातच चेस्टरफील्ड गावच्या फुटबॉल क्लबच्या समाजसेवा ट्रस्टनं पन्नाशीच्या पुढच्या लोकांसाठी चालू केला, २०१४ मध्ये एका मोठ्या बँकेनं टीव्हीवरच्या जाहिरातीत दाखवला आणि मग गावोगावी क्लब निघाले. आता इंग्लंडची वयोगटाप्रमाणं राष्ट्रीय टीम आहे, २०२३ मध्ये सेंट जॉर्जेस पार्कला, म्हणजे त्यांची मुख्य टीम जिथं सराव करते तिथंच, देशादेशांचा वर्ल्ड कप झाला. पण मला त्या वर्ल्ड कपापेक्षा आमच्या इथली ग्रेटर मँचेस्टरची लीग जास्त भारी वाटते. मी पाहुणा, त्यामुळं फक्त सरावाला खेळतो, लीगच्या दिवशी बाहेर बसून बघतो आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळतो. छोट्या छोट्या मॅच असतात, हवं तेव्हा आत-बाहेर करता येतं, पन्नाशीवाल्यांचं वेगळं, साठीवाल्यांचं वेगळं, त्याच्याही पुढच्यांचं वेगळं. सत्तरीच्या माणसाला पन्नाशीच्या पोरासमोर (हो, इथं पन्नाशीचा म्हणजे पोरगाच) उभं राहावं लागत नाही, म्हणून माणूस टिकतोय आणि येताना मित्राला घेऊन येतोय. आणि मुख्य म्हणजे पॉइंट टेबल आहे! टेबल असलं की गुरुवारचा सराव चुकवता येत नाही, गुडघा दुखला तरी. डॉक्टरनं व्यायाम सांगितला म्हणून येणारा माणूस महिन्याभरात गळतो, टेबलात तिसरा नंबर असलेला गळत नाही, हे मी डोळ्यानं बघतोय.

भांडणं इथंही होतात बरं का. कोण भरभर चालतोय आणि कोण पळतोय हे ठरवणार कोण? रेफ्रीचा डोळा, बाकी काही नाही. प्रत्येक मॅचला कुणीतरी हात वर करून "तो पळाला" म्हणून ओरडतोच, आणि ओरडणारा स्वतः त्याच्या मागं पळत गेलेला असतो. बॉल किती उंच चालेल यावरनंपण नियम सगळीकडं सारखे नाहीत. मॅच संपली की मात्र सगळे एकाच टेबलावर चहाला.

आता मुद्द्याचं बोलतो. आपल्याकडं शाहू स्टेडियमवर सीझनला जेवढी गर्दी होते तेवढी महाराष्ट्रात दुसरीकडं कुठं होत असेल असं मला वाटत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, या सगळ्या आपल्या फुटबॉल टीम, प्रत्येकाकडं साठी ओलांडलेले माजी खेळाडू कट्ट्यावर बसून आहेत, टीम नव्यानं बांधायची गरजच नाही, पेठ तयार, नाव तयार, खुन्नसपण तयार. वर्षातनं एकदा त्यांना हार घालून, जर्सी घालायला लावून मोठ्या ग्राउंडवर पळवायचं आणि कुणाची पोटरी कुणाचं गुडघं घालवायचं, त्यापेक्षा शहरात एवढे टर्फ झालेत, सकाळच्या वेळेत मोकळेच असतात, तिथं सहा-सहा जणांची लीग लावा की. केएसएनं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशननं, मनावर घेतलं तर पुढच्या सीझनला शाहू स्टेडियमवर मेन मॅचच्या आधी अर्धा तास, अर्ध्या ग्राउंडवर, एक मॅच होऊ शकते. रेफ्री मात्र आपल्या पेठेचा नको, नाहीतर कोण पळाला यावरनं तिथंच दंगा.

माझे मित्र फोनवर म्हणाले, पब्लिक हसेल रे, "पळ की म्हाताऱ्या" म्हणून ओरडेल. ओरडू दे की. पळाला तर फाऊल आहे, हे पब्लिकला दोन मॅचमध्ये समजेल, तिसऱ्या मॅचला तेच ओरडतील "पळाला, पळाला" म्हणून.

जूनमध्ये मी परत येतोय. कुणी सुरुवात करणार असेल तर तुमच्या पेपरातनंच कळवा, माझे बूट माळ्यावर डाव्या कोपऱ्यात, दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या खाली आहेत. राइट बॅक, नाहीतर कुठंही खेळीन, फक्त गोलमध्ये उभं करू नका.

आपला,
मंगळवार पेठेतला एक जुना राइट बॅक
(सध्या मुक्काम बोल्टन)