कंट्रोल-शिफ्ट-टी शिकवणाऱ्या मुलीस

प्रिय शेजारच्या टेबलावरची मैत्रीण,

वयाच्या हिशेबाने मी 'अनेक आशीर्वाद' लिहायला हवं. पण विद्या तू दिलीस, म्हणून साष्टांग नमस्कार.

त्या दुपारी मला ब्राउझरमधला एकच टॅब बंद करायचा होता. फुलीवर क्लिक केलं, ती फुली निघाली कोपऱ्यातली. अहवालासाठी तीन दिवस जमवलेले तीसेक टॅब अख्ख्या विंडोसकट गेले. मी कपाळाला हात लावून बसले. तू उठून आलीस. आता ही माऊस ओढून घेणार, खटाखट काहीतरी करणार आणि मला शष्प कळणार नाही, असंच वाटलं होतं. तू माऊसला हातही लावला नाहीस. "मॅडम, दुसरी विंडो उघडी आहे ना? त्यात कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकदम दाबा."

दाबलं. सगळं जागच्या जागी परत!

पुन्हा पुन्हा दाबलं की आधी बंद केलेले टॅबही शेवटून पहिल्याकडे उघडत जातात, आणि त्या टॅबमध्ये मागे जाण्याचं बटणही चालतं, हे मी नंतर स्वतः करून पाहिलं. इन्कॉग्निटोमधलं, म्हणजे खासगी विंडोतलं, मात्र परत येत नाही, हे तू आधीच बजावलं होतंस.

मग रोज एक. कंट्रोल-टी म्हणजे नवा टॅब, कंट्रोल-डब्ल्यू म्हणजे बंद, हे सोपं. कंट्रोल-टॅबने पुढे, त्यातच शिफ्ट जोडला की मागे. कंट्रोल आणि 1 ते 8 दाबलं की त्या क्रमांकाचा टॅब. 9 ने नववा उघडेल अशी माझी समजूत. तो उघडतो सगळ्यात शेवटचा. यावर मी तुझ्याशी वाद घातला होता, आठवतं? हरले.

माझी सगळ्यात आवडती युक्ती मात्र माऊसचीच आहे. लिंकवर मधलं चाक दाबलं की ती मागच्या मागे नव्या टॅबमध्ये उघडते, वाचत असलेलं पान हलत नाही. तेच चाक टॅबवर दाबलं की टॅब बंद. इतकी वर्षं ते चाक फक्त फिरवण्यासाठी आहे असं मी धरून चालले होते.

क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-ए दाबून उघड्या टॅबांत शोधता येतं, हे कळल्यावर मी घरी फायरफॉक्सवर तेच केलं, तर समोर ॲड-ऑन्सचं, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या जादा सोयींचं, पान! फायरफॉक्सच्या ॲड्रेस बारमध्ये टक्क्याचं चिन्ह, मग एक स्पेस आणि हवा तो शब्द टाकायचा, हे तू दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता सांगितलंस. घरची मंडळी मॅकवाली आहेत, त्यांना मी 'कंट्रोलच्या जागी बहुतेक ठिकाणी कमांड' एवढं सांगून मोकळी होते. कंट्रोल-टॅब तिथेही कंट्रोलच राहतो, यावरून एकदा फजिती झाली आहे.

एक गोष्ट तोंडावर बोलायची राहून गेली. आत्ता हे लिहिताना माझ्यासमोर एक्केचाळीस टॅब उघडे आहेत. "मॅडम, इतके टॅब कशाला लागतात?" असं तू आजवर एकदाही विचारलं नाहीस. त्याचे आभार वेगळे.

तुझी,
पलीकडच्या खुर्चीवरची मॅडम