पदवी एका दिव्यांगत्वाची, वर्ग सगळ्यांचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकालाच्या दिवसांत आपल्या दैनिकाने शिक्षणाच्या वाटांवर पुरवणी काढली. तिच्यात डी.एड. होते, बी.एड. होते, परदेशी विद्यापीठांवर दोन पाने होती; विशेष शिक्षणाला, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याच्या शिक्षणाला, मात्र एक ओळही मिळाली नाही. कर्णबधिर मुलांच्या शाळेत उभी नोकरी झालेल्या माझ्यासारखीला हे लागणारच. पण या शाखेत येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना प्रवेशअर्ज भरण्याआधी कुणीच सांगत नाही अशी एक गोष्ट आहे, तिच्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

विशेष शिक्षणातले बी.एड. दोन वर्षांचे असते. पदवी विद्यापीठाची, पण मान्यता भारतीय पुनर्वास परिषदेची. प्रवेश घेतानाच एक शाखा निवडावी लागते: श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम) वगैरे. पुष्कळ जण जिथे जागा मिळेल ती शाखा घेतात. वरवर पाहता साऱ्या सारख्याच वाटतात. प्रत्यक्षात ही वेगवेगळी कामे आहेत.

माझ्या शाखेत आम्ही पहिल्यांदा ऑडिओग्राम वाचायला शिकलो. मुलाला कोणते आवाज पोहोचतात, कोणते नाहीत, हे त्या आलेखावरून कळते. श्रवणयंत्राचा सेल संपलाय का, कानातला साचा सैल झालाय का, हे रोज सकाळी पाहायचे. सगळी धडपड भाषेसाठी, कारण ऐकू न येणाऱ्या मुलाची पहिली काही वर्षे भाषेवाचून गेली, मग ती खुणांची असो वा बोलीची, तर पुढे गणित आणि विज्ञानही अडते. दृष्टिदोषाचा शिक्षक सहा टिंबांच्या ब्रेलवर बोटे बसवून घेतो, टेलर फ्रेम या खाचांच्या पाटीवर आकडेमोड शिकवतो, पांढरी काठी घेऊन एकट्याने चालायला शिकवतो. बौद्धिक अक्षमतेचा शिक्षक सदऱ्याचे बटण लावण्यासारख्या कामाच्या बारीक पायऱ्या पाडतो आणि एक पायरी पक्की झाल्याखेरीज दुसरीला हात घालत नाही. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा वेगळा, तो पालकांबरोबर बसून ठरवायचा आणि ठरावीक काळाने तपासायचा. यातले कुठलेच कौशल्य नुसत्या मायेने येत नाही. ‘तुमच्याकडे फार पेशन्स लागत असेल हो,’ असे लोक कौतुकाने म्हणतात, पण आधी लागते ते शिक्षण.

आता नोकरीकडे पाहू. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारची दिव्यांगत्वे मानली आणि समावेशक शिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकली. आपल्या राज्याने 2024 साली केंद्रस्तरावर (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) विशेष शिक्षकांची 4860 पदे निर्माण केली, म्हणजे प्रत्येक केंद्राला एक. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्या माझ्या सहकाऱ्यांचा प्रश्न यातून मार्गी लागावा, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या एका शिक्षकाची पदवी एकाच शाखेची असणार आणि केंद्रातल्या शाळांमधली मुले मात्र सगळ्या प्रकारची. श्रवणदोषात शिकलेली मुलगी एका शाळेत स्वमग्न मुलासमोर बसणार आणि दुसऱ्या शाळेत ब्रेल लागणाऱ्या मुलीसमोर. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. ते प्रमाण मुले मोजते. आपण केंद्रे मोजली.

अभ्यासक्रमात इतर दिव्यांगत्वांची ओळख असते, त्याचे प्रात्यक्षिकही असते, हे मला माहीत आहे. पण पाठनिरीक्षणाच्या वहीपुरत्या त्या भेटीतून ब्रेल हाताला वळत नाही. विद्यापीठांनी दुसऱ्या एका शाखेत पूर्ण सत्राचा सराव सक्तीचा करावा, आणि नोकरीत असलेल्यांसाठी दुसऱ्या शाखेचा पदविका अभ्यासक्रम पगारी रजेसह उपलब्ध असावा. पुनर्वास परिषदेकडच्या आमच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी प्रशिक्षणाचे गुण मिळवावेच लागतात. ते कुठल्याशा सभागृहातल्या एकदिवसीय व्याख्यानांवर खर्ची पडण्यापेक्षा अशा शिक्षणावर पडोत.

दुसरी गोष्ट सर्वसाधारण बी.एड.ची. तिथेही आता समावेशक शाळेवर एक विषय आहे, तो पाठ करून मुले उत्तीर्ण होतात. केंद्राचा विशेष शिक्षक आठवड्यातून फार तर एकदा शाळेत येणार, बाकीचे दिवस ते मूल वर्गशिक्षकापुढेच असणार. त्या वर्गशिक्षकाने विशेष शाळेत एक महिनाही काढलेला नसेल, तर आराखडा कपाटातच राहतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सर्वसाधारण बी.एड.ची शिक्षक शिक्षण परिषद आणि आमची पुनर्वास परिषद यांच्या अभ्यासक्रमांचा मेळ घालावा असे स्पष्ट म्हटले आहे. तो मेळ अध्यापक महाविद्यालयाच्या वेळापत्रकात दिसला पाहिजे.

पुरवणीत जे यायला हवे होते तेही थोडक्यात सांगते. ही पदवी घेऊन विशेष शाळेतच जावे लागते असे नाही. सर्वसाधारण शाळांतले संसाधन कक्ष, म्हणजे दिव्यांग मुलांना वेगळी मदत देणाऱ्या खोल्या, आहेत. सीबीएसईच्या शाळांना विशेष शिक्षक नेमणे बंधनकारक आहे. जिल्हा रुग्णालयांतली शीघ्र निदान व उपचार केंद्रे, घरी जाऊन शिकवणे, अठरा वर्षांपुढच्या मुलांचे व्यवसाय प्रशिक्षण अशी कामे आहेत. यातल्या शेवटच्या कामाला तर माणसेच मिळत नाहीत आणि शाळा सुटली की ही मुले घरात बसतात. एम.एड. आणि पीएच.डी. करून अध्यापक महाविद्यालयातही जाता येते. ज्यांना शिकवण्यापेक्षा उपचाराची ओढ आहे त्यांनी वाचा व श्रवणशास्त्राची वेगळी पदवी पाहावी. खुणांच्या भाषेचे दुभाषे तर न्यायालयापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे हवे आहेत. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसे महिला विद्यापीठात विशेष शिक्षणाचा विभाग आहे, बांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. मराठवाड्यातल्या किंवा गडचिरोलीच्या मुलीने मात्र यासाठी मुंबई-पुण्याला खोली का घ्यावी? जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष शाळा आहेत. जवळच्या विद्यापीठाने त्यांच्याशी हात मिळवला तर सरावाची सोय तिथेच होईल.

प्रवेश घेणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. त्या संस्थेला, त्याच शाखेसाठी आणि त्याच शैक्षणिक वर्षासाठी पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, हे परिषदेच्या यादीत स्वतः पाहा. मान्यता नसेल तर केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव लागत नाही, आणि नोंदणी क्रमांकाशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. काही महिन्यांच्या प्रमाणपत्रांना भुलून पैसे घालवलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. शाखा ठरवण्याआधी जवळच्या दोन-तीन वेगवेगळ्या विशेष शाळांत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आठवडाभर बसा. कुठल्या मुलांबरोबर आपले जमते, ते तिथेच कळेल.

पुढच्या वर्षीच्या पुरवणीत या शाखेला अर्धे पान द्यावे, आणि त्यात मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची विभागवार यादी छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त विशेष शिक्षिका, सांगली