‘एका फुफ्फुसावर’ हे शब्द गाळावेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

८ एप्रिलला कुमार गंधर्वांच्या जयंतीनिमित्त आपल्या पुरवणीत आलेले टिपण वाचले. मी आयुष्यभर मुद्रितशोधनाचे काम केले, त्यामुळे माझी नजर आधी सालांवर जाते. जन्म १९२४, बरोबर. निधन १२ जानेवारी १९९२, बरोबर. ‘कोमकळी’ हे त्यांचे मूळ आडनावही शुद्ध छापले आहे, त्याबद्दल अभिनंदन. तक्रार शेवटच्या परिच्छेदाबद्दल आहे. ‘एका फुफ्फुसावर गाणारा गवई’ असे म्हणून त्यांच्या छोट्या, तुटक ताना ही ‘आजाराची देणगी’ असल्याचे त्यात लिहिले आहे. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षे वेगवेगळ्या ठिकाणी वाचत आलो आहे. एकाने लिहायचे आणि पुढच्याने उतरवून घ्यायचे, असा प्रकार दिसतो.

गाण्यातले शास्त्र मला कळत नाही. पण दम लागणे म्हणजे काय ते कळते, म्हणून हे पत्र.

सहा वर्षांपूर्वी माझ्या छातीत पाणी झाले. ते सुईने काढले, तपासले आणि निदान झाले क्षयाचे. सहा महिने औषधे. पहिले दोन महिने चार प्रकारची, पुढचे चार महिने तीन. लघवी केशरी होते, हे आधी कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे पहिल्या दिवशी मी पुरता हादरलो. व्यायामाला तीन चेंडूंचे एक प्लॅस्टिकचे उपकरण दिले होते. नळीतून श्वास ओढायचा की चेंडू वर चढतात. नळकांड्यांवर ६००, ९००, १२०० असे आकडे. पहिला चेंडू जेमतेम उडायचा. दुसरा थरथरायचा. तिसऱ्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

त्या दिवसांत करायला दुसरे काही नव्हते. गाणे ऐकत पडायचो.

तोवर माझे दैवत मल्लिकार्जुन मन्सूर. अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे शिकलेला हा माणूस एकदा गायला लागला की मध्ये फट सापडत नाही. तालाचे एक आवर्तन दुसऱ्यात कधी शिरले ते समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आल्यावर कळते. निरोगी असताना मला याचेच वेड होते. आजारात मात्र ते ऐकवेना. त्यांच्या तानेबरोबर आपणही नकळत श्वास धरून ठेवतो, हे मला तेव्हा प्रथम समजले. ते समेवर यायचे आणि मी खोकत उठून बसायचो. मन्सूरअण्णांची क्षमा मागून मी ती ध्वनिमुद्रणे बाजूला ठेवली.

मग कुमारजी लावले. खरे सांगायचे तर मला ते फारसे आवडत नसत. फार तोडतात, असे माझेही मत होते. शिवाय आता आपल्या टिपणात आलेले तेच जुने वाक्य तेव्हाही डोक्यात होते. वाटले, हाही आपल्यासारखाच दम कमी असलेला, तेव्हा झेपेल.

झेपले, पण कारण वेगळे निघाले. दम अपुरा असलेला माणूस कसा बोलतो ते मी स्वतःवर रोज पाहत होतो. वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा सराव करत असे (आपलेच, त्यातले अग्रलेख विशेष उपयोगी, वाक्ये लांब असतात). वाक्याची सुरुवात ठीक व्हायची. मध्यावर आवाज उतरायचा आणि शेवटचे क्रियापद तर मी गिळूनच टाकायचो. दम संपला की शेवट असा ढासळतो. कुमारजींचे नेमके उलटे. स्वर वर फेकला जातो, तार सप्तकात, म्हणजे वरच्या पट्टीत, पोचतो आणि तिथे, पूर्ण ताकदीवर असताना, कापला जातो. शेवट कुठेही मऊ पडत नाही. श्वास शिल्लक असल्याशिवाय असे थांबता येत नाही. एकच जागा मी पंधरा-वीस वेळा मागे नेऊन ऐकली. त्या शांततेत धाप नाही. पुढचा स्वर येतो तो घाईने घेतलेल्या श्वासावर नाही, ठरलेल्या जागी येतो. मुद्रितशोधकाला मुद्दाम दिलेला स्वल्पविराम आणि छपाईत गळून पडलेला अक्षराचा खिळा यांतला फरक कळतो, साहेब.

कुमारजींना आजार झाला हे खोटे नाही. माळव्यातल्या देवासला जवळजवळ पाच वर्षे गाणे बंद, डॉक्टरांची मनाई, क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नवे, एक फुफ्फुस जवळपास निकामी. हे सगळे मान्य. पण लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवणाऱ्या माणसाने त्या सक्तीच्या गप्प बसण्यात केले काय, हे कुणीतरी लिहावे. तो ऐकत होता. माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी, फिरत्या भजनी लोकांची निर्गुण (निराकार देवाची) भजने. त्या लोकधुनांतून पुढे त्याने नवे राग काढले, आणि १९६५ साली ‘अनूपरागविलास’ नावाने आपल्या बंदिशींचे पुस्तक आले. हे फुफ्फुसाचे काम नव्हे. आजाराने असे गाणे येत असते तर माझ्या वॉर्डात आम्ही बाराजण होतो.

गायिका किशोरीताई आमोणकरांबद्दलही हेच होते. ऐन उमेदीत त्यांचा आवाज गेला होता, ही गोष्ट त्यांच्या प्रत्येक स्मृतिदिनाला छापून येते. त्यांच्या भूप रागाबद्दल मात्र अक्षर नसते. पाचच स्वर, मध्यम नाही, निषाद नाही. तरी गंधारावर त्या अशा रेंगाळतात की आपण पुढच्या स्वराची वाट पाहणेच विसरतो. औषधाचा शेवटचा महिना मी त्या भूपावर काढला. घरच्यांना अजूनही तो ऐकू आला की औषधांचा वास येतो म्हणे.

मन्सूर पुन्हा ऐकायला त्यानंतर वर्ष गेले. एक सबंध ध्वनिमुद्रण न खोकता ऐकून झाले, त्या दिवशी मी बायकोला मुद्दाम हाक मारून सांगितले. डॉक्टरांनी बरा झाल्याचे लिहून दिले होते त्याहून मला हे खरे वाटले. तिसरा चेंडू आजही वर टिकत नाही, पण तो आता माझा प्रश्न राहिलेला नाही.

जागेची अडचण मला ठाऊक आहे. शुद्धिपत्र छापायचे झालेच तर एवढा मजकूर पुरे: ‘एका फुफ्फुसावर गाणारा गवई’ याऐवजी ‘गवई’ असे वाचावे.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक