बत्वांच्या आजाराचं मूळ त्यांच्या गेलेल्या जमिनीत आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युगांडातल्या बत्वा लोकांसाठी झटणाऱ्या तरुण डॉक्टरवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. मी गडचिरोली जिल्ह्यात, भामरागड आणि एटापल्ली तालुक्यांत, आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली. आता निवृत्त आहे. जंगलातल्या माणसांच्या दुखण्याखुपण्याबद्दल कुणी मन लावून लिहिलं की माझ्याच्यानं ते सोडवत नाही. घरदार, चांगली प्रॅक्टिस मागे ठेवून तिथं जाणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला आदर आहे आणि लेखात त्यांचं जे कौतुक झालं ते योग्यच आहे. पण बत्वा इतके आजारी का पडले, हे लेखानं एका वाक्यात उरकलं आणि गरिबीवर येऊन थांबला. ही गरिबी आली कुठून, हे वाचकांना कळायला हवं.

बत्वा पिढ्यान् पिढ्या नैर्ऋत्य युगांडातल्या ब्विंडीच्या डोंगरी जंगलात राहत आले. शिकार, मध, रानातले कंद आणि औषधी मुळ्या यांवर त्यांचं चालायचं. १९९१ मध्ये या जंगलाचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९४ मध्ये त्याचं नाव जागतिक वारसा यादीत गेलं. डोंगरी गोरिला वाचावेत हा हेतू होता आणि गोरिला वाचलेही. २०१८ च्या गणतीत ब्विंडी आणि त्याला लागून असलेलं काँगोतलं सारांब्वेचं जंगल मिळून ४५९ गोरिला मोजले गेले. याचा मला आनंदच आहे. मात्र बत्वांना बाहेर काढलं तेव्हा त्यांना बदल्यात जमीन मिळाली नाही. बाहेरची सगळी जमीन आधीच शेतकऱ्यांची होती. ज्यांनी कधी शेती केली नव्हती ते लोक दुसऱ्याच्या बांधावर झोपडी घालून राहू लागले. दिवसभर राबायचं आणि मजुरी म्हणून संध्याकाळपुरतं धान्य घ्यायचं. ज्या दिवशी आई तापानं फणफणते त्या दिवशी मजुरी नाही, म्हणजे मुलाच्या पोटातही काही नाही.

डॉक्टर आले ते यानंतर. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातले डॉ. स्कॉट केलरमन आणि त्यांच्या पत्नी कॅरल तिथं राहायला गेले. पहिला दवाखाना भरला तो एका मोठ्या झाडाखाली, सलाईनच्या बाटल्या फांद्यांना टांगून. २००३ मध्ये ब्विंडीला लागून असलेल्या बुहोमा इथं आरोग्य केंद्र उभं राहिलं आणि पुढे त्याचंच रुग्णालय झालं. इंग्लंडचे डॉ. पॉल विल्यम्स ऐन तिशीत तिथं गेले, चारेक वर्षं त्यांनी हे रुग्णालय चालवलं. पुढे ते आपल्या देशात खासदारही झाले. नंतर सूत्रं युगांडाच्याच डॉक्टरांकडे आली. मला विचाराल तर या सगळ्या हकिकतीतली ही सर्वांत चांगली गोष्ट, आणि लेखात नेमकी तीच नाही. बाहेरून आलेला डॉक्टर कधीतरी परत जातो. रात्री दोन वाजता अडलेल्या बाईजवळ कोण असतं, तर तिथल्याच डोंगरावरची परिचारिका. २०१३ पासून ब्विंडीत नर्सिंगची शाळा आहे. तिथल्या मुलींबद्दल चार ओळी असत्या तर मला फार बरं वाटलं असतं.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्या भागात धड रस्ते नाहीत. गावोगाव शेजाऱ्यांची मंडळं असतात. कुणी आजारी पडलं की मंडळातली माणसं वेताच्या डोलीत घालून आळीपाळीनं खांदा देत त्याला डोंगर उतरवतात. या डोलीला ते 'एंगोझी' म्हणतात. २०१० मध्ये रुग्णालयानं आरोग्य विमा सुरू केला तो याच मंडळांच्या आधारानं. वर्षाला थोडी वर्गणी भरायची आणि गरज पडेल तेव्हा अगदी कमी पैशांत उपचार घ्यायचे. नवी समिती नाही, नवे पदाधिकारी नाहीत, जी माणसं आधीपासून एकमेकांना खांदा देत होती त्यांच्यावरच भरवसा ठेवला. लांबच्या गावातल्या गरोदर बायांनी दिवस भरत आले की येऊन राहावं म्हणून रुग्णालयाजवळ सोयही केली. आपल्याकडे आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघरं आहेत, तशीच. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद व्हायचा. खाटेला काठी बांधून बाळंतीण आणणारे गावकरी मी पाहिले आहेत. त्यामुळे ती सोय किती मोलाची आहे हे मला कुणी समजावून सांगायला नको.

पण त्या विम्यातही बत्वांची वर्गणी बहुतेक देणगीतूनच भरली जाते. देणगी आटली की काय होणार, या प्रश्नाशी आपण परत जमिनीपाशी येतो.

माझी मुलगी नर्सिंग कॉलेजात शिकवते. तिनं मला 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला २००६ चा एक लेख वाचून समजावला. आफ्रिकेतल्या मूळ रहिवाशांच्या आरोग्यावरचा तो लेख आहे. त्यात युगांडातल्या बत्वांबद्दल दिलं आहे की भूमिहीन कुटुंबांत पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण ५९ टक्के होतं आणि ज्यांना जमीन मिळाली त्या कुटुंबांत ते १८ टक्के. १८ टक्केसुद्धा भयंकरच आहे. पण ५९ आणि १८ यांमध्ये जी मुलं जगली, ती घराच्या आधारावर आणि दारातल्या भाजीपाल्यावर जगली. आपलं घर असलं की घरातली भुई चोपून गुळगुळीत करता येते, आणि मातीतली पिसू पायाच्या बोटांत शिरून अंडी घालते तो त्रास कमी होतो. मच्छरदाणी बांधायला जागा असते. उद्या मालक हाकलेल ही धास्ती नसते. केलरमन यांच्या संस्थेनं बत्वांसाठी जमिनी विकत घेतल्या त्या याचसाठी. डॉक्टरांना जे कळलं ते त्यांच्यावरच्या लेखात यायला नको का?

मोहफुलांच्या दिवसांत मी एका माडिया आदिवासी बाईला तिच्या सुकत चाललेल्या पोराला घेऊन दवाखान्यात भरती हो म्हणून विनवत होते. ती म्हणाली, "बाई, मोह संपू दे, मग येते." वर्षभराचा पैसा त्या पंधरा-वीस दिवसांत जमिनीवर पडलेला असतो, तो सोडून ती कशी येणार? आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्यानं निदान एक वाट उघडली. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, पुढे जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. बत्वांच्या हाती अजून असं काही नाही. २०२१ मध्ये युगांडाच्या घटनात्मक न्यायालयानं त्यांना पुरेशी भरपाई न देता बाहेर काढल्याचं मान्य केलं, पण सरकार वरच्या न्यायालयात गेलं.

गोरिला पाहायला आता आपल्याकडचेही लोक ब्विंडीला जातात. परदेशी पर्यटकाला एका दिवसाच्या परवान्यासाठी ८०० डॉलर मोजावे लागतात. आपल्या वाचकांपैकी जे जातील त्यांनी बुहोमाचं रुग्णालयही पाहावं. बत्वा वडीलधारे उद्यानाबाहेरच्या रानात आपली जुनी राहणी पाहुण्यांना दाखवतात, तिथंही थोडा वेळ द्यावा. ज्यांना लेख वाचून देणगी पाठवावीशी वाटली असेल त्यांनी जरूर पाठवावी, फक्त पाठवताना त्यातलं काही जमिनीसाठी ठेवता येईल का, हे संस्थेला विचारावं.

आपण या विषयावर दुसरा भाग करणार असाल तर माझी विनंती आहे की त्यात एखाद्या बत्वा आईला आणि तिथल्या परिचारिकेला बोलू द्यावं. प्रश्नांची यादी करायला माझी काही मदत होणार असेल तर आनंदानं करीन.

कळावे,
आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
आलापल्ली, ता. अहेरी, जि. गडचिरोली